झाडलेलं अंगण

"आक्का, जरा जोरानं टेकवा," शालन म्हणाली. "मागल्या शनिवारी पाय लागला का न्हाई, ते पोरीला कळलंसुदिक न्हाई."

मी एका हातानं दाराची चौकट धरून एका पायावर उभी होते. दुसरा पाय उंबऱ्यात पालथ्या पडलेल्या वैजाच्या कमरेवर अधांतरी. पंचावन्नाच्या पुढं गेलेल्या बाईनं भल्या पहाटे, उपाशीपोटी असं उभं राहायचं म्हणजे गुडघा शिव्या घालतो.

"जोर लावायचा नसतो गं. तळवा टेकवायचा. जोर लावायला मी काय रोडरोलर हाय?"

खालून वैजा हसली आणि हसता हसता तिचा श्वास अडकला. मी पाय टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. तिसऱ्या वेळी माझा तळवा तिच्या कमरेवर जरा जास्तच राहिला. पोरीची पाठ असावी तशी ती नव्हती. वाळत घातलेल्या कातड्यासारखी ताठ होती.

मी पायाळू. आईच्या पोटातून पायाकडून आले. आमच्या भागात समजूत अशी, की पाठीत उसण भरली आणि पायाळू माणसानं तिथं पाय लावला, की उसण उतरते. मी काही ठरवून पाय पुढं केले नव्हते, पण त्या पायाची चाकरी मला जन्मभर पुरली. लहानपणी झोपेतून उठवून न्यायचे. लग्न झालं, नवरा गेला, माहेरी परत आले, सगळ्या गावाची आक्का आणि पोरांची आत्या झाले, तरी लोकांच्या कमरा दुखायच्या काही राहिल्या नाहीत. मोळ्या उचलणारे, विहिरीतला गाळ काढणारे, ओल्या बाळंतिणी, एकदा तर खुद्द ग्रामसेवक माझ्या उंबऱ्यात पालथे पडून गेले. गुण येतो का, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. पुन्हा आला नाही म्हणजे बरा झाला, असं धरायचं.

वैजा मात्र पुन्हा पुन्हा येत होती. पावसाळ्यापासून तिची कंबर धरली होती. पंधरा वर्षांची पोर, आणि बसल्या जागेवरून उठताना भिंत धरायची.

"आता नेम ध्यानात ठेवायचा," मी नेहमीप्रमाणं सांगितलं. "दिवस मावळंपत्तोर काय उचलायचं न्हाई. घागर न्हाई, पाटी न्हाई, कुणाचं पोर न्हाई."

"दिवस मावळंपत्तोर," शालन म्हणाली आणि तिनं पोरीकडं बघितलं. पोरीनं जमिनीकडं बघितलं. "बघू की. व्हईल तेवढं."

"व्हईल तेवढं न्हवं. उचलायचं न्हाई म्हंजी न्हाई."

तेवढ्यात रस्त्यावर टेंपोचा हॉर्न वाजला. शालन रोपवाटिकेत कामाला जायची, आणि तिथल्या बायांना न्यायला टेंपो अंधारातच यायचा. पदर खोचत ती पळाली. वैजा भिंतीला धरून उठली. "येते, आत्या," म्हणाली आणि तीही निघाली, तिच्या मानानं घाईतच.

"एवढी कसली घाई? आडवी हो की जरा."

"आप्पांना बाहेर बसायचं असतं," ती जाता जाता म्हणाली.

आप्पा म्हणजे तिचा बाप, हिंदुराव पैलवान. आमच्याकडच्या जत्रांतून त्याच्या कुस्तीवर लोक पैजा मारायचे. एका कुस्तीत डावा गुडघा गेला तेव्हा त्यानं लंगोट ठेवला, कुस्ती सोडली, पण तालमीत पोरांना शिकवणं चालू होतं. आदल्या वर्षी त्याच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा जीपमधून चौघांनी उचलून उतरवला. त्या वेळी त्यानं खांद्यावरचा टॉवेल तोंडावर ओढून घेतला होता. घरात नेईपर्यंत काढला नाही. मी तिथंच उभी होते.

पण तो सुधारला. सगळं गाव तसंच म्हणायचं. उजाडलं की तो अंगणाच्या कडेला कट्ट्यावर बसलेला असायचा. पटका बांधलेला, डाव्या हातात काठी, तोंड रस्त्याकडं. डेअरीला दूध घालायला निघालेली माणसं, तालमीतली पोरं, सगळी थांबून रामराम करायची.

"काय पैलवान, कसं हाय?"

"हाय झ्याक. चालतोय हळूहळू. पोरीचा हात धरतो इतकंच."

लोक वैजाचंही कौतुक करायचे. बापाला आधार देऊन बाहेर आणते, लगोलग खराटा घेऊन सगळं अंगण झाडते, मग चूल, मग शाळा. गावातल्या सासवा आपल्या सुनांना तिचं नाव सांगायच्या.

मी शाळेत खिचडी शिजवायचे. दुपारच्या सुट्टीत पोरं ओळीनं बसायची, आणि वैजा खांबाला पाठ लावून उभ्यानं खायची. मोहिते सरांच्या ते नजरेला आलं. भला माणूस. त्यांनी सगळा दोष दप्तराला दिला. सगळ्या वर्गासमोर तिचं दप्तर हातात धरून बघितलं आणि म्हणाले, "एवढं ओझं गाढवावर लादलं तर तेसुद्धा तक्रार करेल." तिची निम्मी पुस्तकं शाळेच्या कपाटात ठेवून घेतली. पोरं तिला कपाटवाली म्हणायला लागली, पण पाठ काही सुटली नाही.

मग दिवाळीची सुट्टी आली. मला वाटलं, आता दप्तर नाही, बाकडं नाही, पोर सुधारेल. सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा तिला खाली वाकून ताटली घेता येईना. मी तिच्या हातात ताटली दिली आणि म्हटलं, "दप्तर तर खुंटीला हुतं. मग?"

"झोपताना अवघडलं असंल."

"पंधरा दिवस अवघडली व्हय गं?"

ती ताटली घेऊन खांबाकडं गेली.

शनिवारी शालन आली तेव्हा मी पाय उचललाच नाही. "दवाखान्यात ने," म्हटलं. शालन म्हणाली, "खाडा केला तर मुकादम दुसरी बाई घेईल, आक्का. तुम्हीच न्या." मला न्यायला काही हरकत नव्हती. खिचडीला त्या दिवशी दुसरी बाई बघितली.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. डोळ्यांखाली काळं आलेलं, रांग दारापर्यंत, तरी त्यांनी घाई केली नाही. वैजाला पुढं वाकवलं, मागं वाकवलं, एका पायावर उभं केलं, पाठीच्या कण्यावर बोटं दाबत खाली आल्या. ताप येतो का, रात्री दुखण्यानं जाग येते का, पायाला मुंग्या येतात का, लघवीला त्रास आहे का, सगळं विचारलं. नाही, नाही, नाही. एक्स-रेचा फोटो काढला. फोटोत काही नव्हतं.

"हाडं चांगली आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुखतंय ते मांस. कंबरेचं मांस, आणि तेही एकाच बाजूला, उजवीकडं. घरात काय उचलतेस तू?"

"घागर."

"अजून?"

"काय न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघ बाळ, तुझं अंग अजून वाढतंय. कच्चं आहे. त्याला पेलत नाही असं काहीतरी तू रोज करतेस. मी गोळी देईन, दोन दिवस बरं वाटेल. पण ते ओझं उतरलं नाही तर आज फोटोत दिसत नाही ते पुढच्या वर्षी दिसायला लागेल. मग गोळीनं भागणार नाही. तू सांगितलं नाहीस तर मी कशावर औषध देऊ?"

वैजा टेबलावरच्या पेनाकडं बघत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी मग तिला तिथंच लाकडी बाकावर झोपवून काही प्रकार शिकवले. गुडघे मोडून उताणं पडायचं आणि कंबर हळूच उचलायची. रांगत्या पोरासारखं होऊन मांजरागत पाठ वर करायची, खाली सोडायची. "आणि दिवसभर झोपून नाही राहायचं," म्हणाल्या. "हिंडायचं, फिरायचं. फक्त ते ओझं नको." मग माझ्याकडं वळल्या. "मावशी, गावात कुणी पाठीवर पाय देतात म्हणे?"

"पाय माझाच हाय," मी म्हटलं.

"जोर लावता?"

"न्हाई. टेकवते नुसता."

"टेकवा मग तिच्या मनासाठी. पण वाढत्या पोरीच्या पाठीवर जोर नको."

"मला उभं ऱ्हायलाच जोर लागतोय बाई, तिला कुठला लावू?"

तेवढ्या एका गोष्टीला त्या हसल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

शाळेच्या खिचडीच्या खोलीत मी तांदळाची रिकामी पोती अंथरून दिली. दुपारी भांडी घासून झाली की वैजा त्यावर पडून शिकवलेले प्रकार करायची. कंबर उचलून धरताना तिला काही बोलत राहावं लागायचं, नाहीतर कळ लागायची. म्हणून ती पोत्यावरची अक्षरं मला सांगायची. हा 'त', ह्याच्या पुढं काना, हा 'द'. मी कोळशानं फरशीवर तसंच काढायचे. माझा 'ळ' बघून ती म्हणाली होती, "आत्या, ह्याचीपण कंबर धरलीय." माझी अक्षरओळख त्या पोत्यांवरची.

प्रकार ती मन लावून करायची. दुपारी जरा सैल पडायची. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत यायची ती पुन्हा लाकूड होऊन. दुपारी सुटलेलं सकाळी कोण आवळतं, हे मला कळेना. घरी सकाळी प्रकार करते का, विचारलं, तर करते म्हणाली. मला काही ते खरं वाटलं नाही. एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून मी दिवस उगवायच्या आधी त्यांच्या घराकडं निघाले.

टेंपो नुकताच गेला होता. त्यांच्या अंगणाला तुराट्यांचं कूड होतं. मी कुडाच्या तोंडाशी आले आणि हाक मारणार, तेवढ्यात आतून हिंदुरावाचा आवाज आला.

"सावकाश, पोरी. आज पाय हलका पडतोय बघ."

दारातून दोघं बाहेर आली. हिंदुरावाचा डावा हात वैजाच्या मानेभोवती होता. ती त्याच्या डाव्या अंगाला घुसली होती, वाकून, आणि त्याचं सगळं धूड तिनं आपल्या उजव्या कमरेवर घेतलं होतं. कुस्तीत जोडीदाराला फेकायच्या आधी कमरेवर घेतात, तसं. फक्त तिला फेकायचं नव्हतं, अंगण ओलांडायचं होतं. हिंदुराव मान ताठ ठेवून समोर बघत होता. त्याचे दोन्ही पाय मागून मातीत घासत येत होते.

"दमलीस का?"

"न्हाई, आप्पा."

"तुझ्या वयात मी दीड मणाचा दगड खांद्यावर घेऊन माळाला फेऱ्या मारायचो. तुला तर नुसता हात धरायचाय."

"व्हय, आप्पा."

तिनं त्याला कट्ट्यावर टेकवला, पाय उचलून सरळ केले, काठी हातात दिली, पटक्याचा शेव नीट केला. मग कट्ट्याच्या कडेला हात लावून थोडी उभी राहिली. तोंड उघडं होतं, पण आवाज काढला नाही. मग तिनं कोपऱ्यातला खराटा घेतला. हिंदुरावाची पाठ अंगणाकडं, तोंड रस्त्याकडं. त्याच्या पाठीमागं ती उंबऱ्यापासून कट्ट्यापर्यंत झाडत आली.

मी हाक न मारता परत फिरले.

दुपारी पोत्यांवर ती पडली तेव्हा मी म्हटलं, "वैजे, सकाळी आले हुते मी."

"कधी?"

"तू झाडायच्या आदी."

उचललेली कंबर तिनं हळूच खाली सोडली.

"आप्पांना वाटतं, ते चालतात," ती म्हणाली.

"कळत न्हाई त्याला? पाय घासत्यात ते?"

"न्हाई कळत. सुरवातीला खरंच थोडं चालायचे. मी नुसता आधार द्यायची. मग पाय ओढायला लागले. मग तेबी थांबलं. डाव्या गुडघ्यात तर आधीपासनंच दम न्हाई. पण त्यांच्या ध्यानातच येत न्हाई, आत्या. उजव्या अंगाचं त्यांना काहीच कळत न्हाई. बोट दारात चेपलं तरी कळत न्हाई. ते रोज मला म्हणतात, आज कालच्यापेक्षा बरा पडतोय पाय."

"आन शालन?"

"आईला उचलत न्हाईत ते. तिचं ऑपरेशनच्या टाक्यांचं पोट. ती एकदा म्हणाली त्यांना, आवं, पाय टाकत न्हाई तुम्ही. तर भिंतीकडं तोंड करून पडले. जेवले न्हाईत. दुसऱ्या दिवशीबी न्हाईत. मग आईच म्हणाली, टाकताय, टाकताय, मलाच दिसलं न्हाई अंधारात."

"कुणाला बोलवायचं मग हाताला. यशवंता हाय शेजारी."

"बोलवलं की त्यांना कळंल."

मी कोळसा हातात धरून बसले होते. फरशीवर अर्धं अक्षर तसंच राहिलं.

"आन तुझी पाठ?"

"ती काय. दुखतीय," ती म्हणाली. दुसऱ्याच्या गोठ्यातल्या जनावराबद्दल बोलावं, तशी. "तुम्ही सांगू नका, आत्या. त्यांच्याकडं तेवढंच हाय."

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. पोरीचं बघावं तर बाप मरतो, बापाचं बघावं तर पोर मोडते. आणि मी बघून बसलेली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.

हिंदुराव आत खाटेवर होता. शालन चुलीपुढं. वैजा भिंतीशी वही घेऊन उभ्यानं अभ्यास करत होती.

"ये, आक्का," हिंदुराव म्हणाला. "बरी आलीस. ह्या पोरीच्या पाठीला माझ्या डोळ्यांदेखत एकदा पाय लाव. शालन म्हणती तू आता लावायचा बंद केलास. पैलवानाची पोर आन म्हातारीगत भिंत धरती. लाज वाटती मला."

"आज शनिवार न्हाई."

"नसू दे. दुखणं वार बघतंय व्हय?"

मी खाली बसले. माझा गुडघा खरंच सुजला होता. "माझा पाय आज उचलत न्हाई, हिंदू. तूच बघ की. तालमीत जन्म गेला तुझा. किती जणांच्या पाठी चोळल्यास, किती लचकलेल्या बसवल्यास. घरातल्या पोरीच्या पाठीला कधी हात लावलास का?"

तो जरा वरमला. "पोरीची जात. मोठी झाली. म्हणून..."

"बाप हाईस. सदऱ्यावरनं बघ."

शालननं चुलीपुढून वळून माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं. ती भाकरी थापायची थांबली.

खाटेला लागून चटई टाकली. वैजा पालथी पडली. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, ते मला आजही आठवतं. मी नजर काढून घेतली.

हिंदुरावाचा डावा हात अजून पैलवानाचाच होता. त्यानं तो पोरीच्या मानेपाशी ठेवला आणि अंगठ्यानं दाबत खाली येऊ लागला. हात लागला तसा त्याचा आवाजच बदलला. तालमीत बोलायचा तसा बोलू लागला.

"दप्तराचं दुखणं हितं खांद्यात असतं. खांदा मोकळा हाय. मास्तराला काय कळतंय." अंगठा खाली सरकला. "हितंबी काय न्हाई. डावी बाजू चांगली. आता उजवी..."

उजव्या कमरेपाशी त्याचा अंगठा थांबला. वैजानं दात आवळले. त्यानं अंगठा उचलला, पुन्हा ठेवला, चारी बोटं बाजूला फिरवली.

"ही उसण न्हवं," तो म्हणाला. "ही गाठ मी वळखतो. नवं पोरगं आपल्यापेक्षा भारी गड्याला कमरेवर घ्यायला लागलं, की त्याला हितं धरतं. मी असल्या पोराला मातीत उतरू द्यायचो न्हाई. मागं आला तर कान धरून घरी घालवायचो." तो हसला. "वैजे, शाळेत पोरींच्या कुस्त्या लावल्यात का काय? कुणाला घेतीस कमरेवर?"

चुलीवरच्या भाकरीचा करपल्याचा वास आला, तरी शालन हलली नाही.

हिंदुरावाचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि मग हळूहळू गेलं. हात मात्र त्यानं काढला नाही.

"मी चालतो न्हवं?" त्यानं विचारलं.

"चालता की, आप्पा," वैजा चटईत तोंड खुपसून म्हणाली.

त्यानं शालनकडं बघितलं. शालन चुलीकडं वळली. मग त्यानं माझ्याकडं बघितलं.

"आक्का, तू सांग."

मला चालतोस म्हणवेना आणि चालत नाहीस असंही म्हणवेना. मी म्हटलं, "हिंदू, सकाळी तुला कट्ट्यावर बसवला की ही मागं काय करती?"

"झाडती."

"रोज?"

"रोज. खराट्याचा आवाज येतो की मला." त्याच्या कपाळावर आठी पडली आणि कितीतरी वेळ तशीच राहिली. बाहेर कुणाची तरी गुरं आली, गेली. मग तो म्हणाला, "वैजे, उद्या झाडू नगंस."

"आप्पा..."

"रोज जसं बाहेर नेतीस तसंच न्यायचं. आन झाडायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी अंधारातच गेले. शालननं टेंपो जाऊ दिला होता. मी म्हटलं, दुसऱ्या बाजूनं मी धरते. हिंदुराव म्हणाला, "न्हाई आक्का. रोज जसं, तसंच. आज एकदा." वैजानं त्याला कमरेवर घेतला. शालननं पदर तोंडात धरला. अंगण काही मोठं नव्हतं, पण त्या दिवशी ते सरेना. हिंदुराव समोर बघत नव्हता. मान वाकवून आपल्या पायांकडं बघत होता.

कट्ट्यावर टेकवल्यावर तो म्हणाला, "मला मागं वळवा."

आम्ही तिघींनी त्याला अंगणाकडं तोंड करून बसवला. उजाडत होतं. उंबऱ्यापासून कट्ट्यापर्यंत मातीत दोन रेघा होत्या. एक सलग, नांगराच्या फाळानं ओढल्यासारखी. दुसरी मधे मधे तुटलेली. आणि त्या रेघांच्या शेजारी पोरीची अनवाणी पावलं, टाचा खोल रुतलेल्या.

तो बघत राहिला. मला वाटलं, आता हा भिंतीकडं तोंड करणार. पण कट्ट्यावर भिंत नव्हती.

"माझं एकबी पाऊल न्हाई," तो म्हणाला.

रस्त्यावरून यशवंता दुधाची किटली घेऊन येत होता. तालमीतला त्याचा जुना जोडीदार. जीपमधून उतरवणाऱ्या चौघांतला एक.

"रामराम, पैलवान. आज तोंड तिकडं?"

"यशवंता, आत ये. आणखी एका गड्याला हाक मार."

"का रं? काय झालं?"

"मला घरात न्यायचंय. मला चालता येत न्हाई."

यशवंता हसला. "आता काल तर..."

"पोरगी आणती उचलून. रोज आणती. आता तिच्यानं व्हायचं न्हाई."

यशवंतानं किटली खाली ठेवली. अंगणातल्या रेघा बघितल्या, वैजाकडं बघितलं. रस्त्यावर जाऊन त्यानं तालमीकडं निघालेल्या दोघांना हाक मारली.

पुढं ती पोरं पाळीपाळीनं यायला लागली. सकाळी बाहेर, उन्हं चढली की आत. वैजाची पाठ एका दिवसात सुटली नाही. माझ्या पोत्यांवर ती गुढीपाडव्यापर्यंत कंबर उचलत होती, आणि मी तोवर जोडाक्षरांना येऊन पोचले होते. हिंदुराव त्या वर्षी फार बोलला नाही. जेवायचा मात्र. पण हे सगळं मागाहूनचं.

त्या सकाळी तिघांनी मिळून त्याला उचलला. दोघांनी हातांची बैठक केली, एकानं पाय धरले. रस्त्यावर दूध घालायला निघालेली माणसं थांबली होती. हिंदुरावाच्या खांद्यावर टॉवेल होता. उचलताना त्याचा डावा हात टॉवेलाकडं गेला. टॉवेलाचं टोक त्यानं मुठीत धरलं. मग सोडलं आणि तो हात यशवंताच्या मानेत घातला. उघड्या तोंडानं, सगळ्यांसमोरून तो आत गेला.

शालन त्यांच्या मागं आत गेली, अंगणात आम्ही दोघी राहिलो. वैजाच्या हातात सवयीनं खराटा आला होता. ती रेघांकडं बघत उभी होती.

"आत्या, आता झाडू का?"

"राहू दे," मी म्हटलं. "जाईल वाऱ्यानं."